शरीरांतील धातु आणि न सरणारें दुखणें

पाय मोडला, शस्त्रवैद्यानें तो उघडून पोलादी पट्टी बसविली, टांके निघाले, हाड सांधलें. क्ष-किरणांच्या चित्रांत पट्टी जागच्या जागीं आणि हाड एकसंध दिसतें. तरीहि तो मनुष्य सहा महिन्यांनीं लंगडत वैद्याकडे येतो आणि सांगतो कीं, रात्रीं ठणका लागतो. चित्र म्हणतें, सर्व ठीक आहे. पाय म्हणतो, नाहीं. असे प्रसंग आतां दुर्मिळ राहिलेले नाहींत. रस्त्यांवरील वाहनें वाढलीं तशी हाडांत धातु बसविलेल्या माणसांची संख्या वाढली, आणि गुडघे व खुबे बदलून घेतलेलीं वडील माणसें तर गांवोगांवीं दिसूं लागलीं. त्यांतील बहुतेक सुखानें चालतात. जीं चालत नाहींत त्यांच्या घरीं कोणी तरी एके दिवशीं म्हणतें कीं, "हा धातु अंगाला मानवत नाहीं;" आणि मग त्या एका वाक्याभोंवतीं सारें घर फिरूं लागतें.

हें वाक्य अगदींच खोटें नाहीं. पण जितक्या वेळां तें बोललें जातें तितक्या वेळां खरेंहि नसतें. धातूचें वावडें असतें, कांहीं अंशीं तें तपासतां येतें, आणि क्वचित् त्याच्यापायीं आंत बसविलेली वस्तु काढावीहि लागते. मात्र रेंगाळणाऱ्या दुखण्याच्या कारणांची यादी केली तर वावड्याचें नांव तळाशीं कोठें तरी येतें. वरचीं कारणें न तपासतां एकदम तळच्या कारणावर बोट ठेवलें तर रोग्याची दुहेरी हानि होते: खरा विकार आंत वाढत राहतो, आणि नको असलेली दुसरी शस्त्रक्रिया पदरीं पडते. उलट, "चित्र चांगलें आहे, तेव्हां दुखणें मनाचें आहे," असें म्हणून रोग्याला घरीं पाठविणेंहि तितकेंच अन्यायाचें आहे.

मनुष्याचें शरीर धातूच्या दृष्टीनें मोठें कठीण ठिकाण आहे. तेथें ऊब आहे, पाणी आहे, मीठ आहे आणि प्राणवायूहि आहे. कोंकणांत समुद्रकांठच्या घरांतील खिळ्यांची जी दशा होते तीच शरीरांत घातलेल्या साध्या लोखंडाची होते. लंडनमध्यें जोसेफ लिस्टर यानें १८७७ सालीं गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेनें सांधली. हांबुर्गच्या हान्समान नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८८६ सालीं निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या हाडांवर बसविल्या. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्याच आर्बथनॉट लेन यानें स्वतःच्या पट्ट्या प्रचारांत आणल्या. हा लेन स्वच्छतेविषयीं इतका दक्ष होता कीं, जखमेंत हाताचा स्पर्शहि होऊं न देतां केवळ हत्यारांच्या टोकांनीं काम उरकी. तरीहि त्याच्या पट्ट्या गंजत आणि स्क्रूंभोंवतींचें हाड मऊ पडे. जंतु नाहींत, पू नाहीं, मग हाड कां कुजतें, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें.

त्याचा उलगडा अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनियो येथल्या व्हेनेबल आणि स्टक या दोघां शस्त्रवैद्यांनीं केला. दोन भिन्न धातु आणि त्यांच्यामध्यें खारट पाणी, एवढ्यानें विजेचा घट तयार होतो, हें शाळेंतील मुलांना प्रयोगानें दाखवितात. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असला कीं शरीरांतहि असाच एक लहानसा घट चालूं लागतो, आणि त्यांत धातु विरघळून हाडाची नासाडी होते. व्हेनेबल आणि स्टक यांनीं प्राण्यांच्या हाडांत निरनिराळे धातु घालून पाहिले आणि १९३७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दंतवैद्य ज्याच्या कवळ्या करीत तो कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा 'व्हायटॅलियम' नांवाचा मिश्रधातु हाडांत सर्वांत शांत राहतो, असें त्यांना आढळलें. पुढच्याच वर्षीं बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यानें त्याच धातूची वाटी खुब्याच्या सांध्यांत बसविली. धातु गंजला म्हणजे दुखतें, हें त्या काळचें अनुभवाचें सत्य होतें, आणि लोकांच्या मनांत धातूविषयीं जी भीति आहे तिचें मूळ अशा जुन्या हकीकतींतहि असावें.

आजचे धातु तसे नाहींत. हाडांच्या पट्ट्यांचें पोलाद हें स्वयंपाकघरांतील स्टीलच्या भांड्याचेंच, पण अधिक शुद्ध भावंड होय: त्यांत शेंकडा सतरा ते वीस भाग क्रोमियम, तेरा ते पंधरा भाग निकेल आणि दोन ते तीन भाग मॉलिब्डेनम असतें, राहिलेलें बहुतेक लोखंड. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचा वरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो. त्यांत निकेल केवळ नांवाला सांपडतें. तिसरा धातु टिटॅनियम. त्यांत पुष्कळदां सहा भाग ॲल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम मिसळतात. या तिघांचेंहि रक्षण त्यांच्या पृष्ठभागावर आपोआप धरणारी ऑक्साइडची साय करते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील दोन-पांच भागांएवढी तिची जाडी! ती ओरखडली तरी प्राणवायु मिळतांच पुन्हां धरते. परंतु पट्टी व स्क्रू सैल होऊन एकमेकांवर घासूं लागले, किंवा सांध्याचे दोन धातूचे पृष्ठभाग रात्रंदिवस रगडले, तर ही साय वारंवार फाटते आणि धातूचे विद्युत्भारित अणु भोंवतालच्या मांसांत उतरतात. गंज न लागणें म्हणजे मुळींच न झिजणें नव्हे.

या उतरलेल्या अणूंना शरीर काय करतें, येथून वावड्याचा प्रश्न सुरू होतो. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फोन पिर्के यानें १९०६ सालीं घडविला. मराठींत 'वावडें' हा शब्द त्याच्या कितीतरी आधींपासून आहे आणि तो या कामीं अधिक सोपाहि आहे. निकेलचा अणु इतका लहान कीं एकटा तो शरीराच्या पाहऱ्याला दिसतच नाहीं. तो त्वचेंतील एखाद्या प्रथिनाला चिकटला कीं त्या प्रथिनाचें रूप पालटतें, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं पेशी त्याला परका समजून त्याची ओळख धरून ठेवतात. पहिल्या भेटींत कांहींच घडत नाहीं. पुढें केव्हां तरी तोच धातु पुन्हां लागला म्हणजे या पेशी धांवून येतात, आणि एक-दोन दिवसांनीं त्या जागीं खाज सुटते, पुरळ उठतें, इसब होतें. हा विलंब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शेंगदाणा खाल्ल्यावर कांहीं मिनिटांत ओठ सुजतात, तो वावड्याचा प्रकार निराळा.

निकेलची ही ओळख बहुतेकांना शस्त्रवैद्याकडे होत नाहीं. ती होते कान टोंचतांना. खोट्या कुड्या, घड्याळाचा पट्टा, पाटलोणीचें बटण, साखळीची कडी, हीं निकेलचीं नेहमींचीं घरें. 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जो धातु बाजारांत दागिन्यांसाठीं विकला जातो त्यांत चांदी मुळींच नसते. तांबें, जस्त आणि निकेल मिळून तो होतो, आणि हौसेनें घेतलेल्या त्या दागिन्याखालीं कातडी लाल कां होते याचें उत्तर त्या तिसऱ्या नांवांत आहे. युरोपांतील पाहण्यांत दर शंभर स्त्रियांमागें सुमारें दहा ते पंधरा जणींना निकेलचें वावडें आढळलें. पुरुषांत हें प्रमाण फारच कमी, कारण त्यांचे कान टोंचलेले नसतात, एवढेंच. डेन्मार्कनें १९९० सालीं आणि युरोपीय संघानें १९९४ सालीं दागिन्यांतील निकेलवर कायद्यानें बंधन घातलें. क्रोमियमचें वावडें मात्र दागिन्यांपेक्षां सिमेंटांतून अधिक येतें. वर्षानुवर्षें ओल्या सिमेंटांत हात घालणाऱ्या गवंड्यांच्या हातांवर जो हट्टी इसब दिसतो त्याचें एक मोठें कारण तेंच.

वावडें पाहण्याची रीत १८९५ सालीं योझेफ यादासोन या जर्मन त्वचावैद्यानें दाखविली, आणि तिचें मूळ स्वरूप अजून तेंच आहे. संशयित पदार्थ व्हॅसलीनमध्यें कालवून, निकेलच्या बाबतींत निकेल सल्फेट शेंकडा पांच या प्रमाणांत, पाठीवर पट्टीखालीं लावतात. अठ्ठेचाळीस तासांनीं पट्टी काढून जागा पाहतात, आणखी दोन दिवसांनीं पुन्हां पाहतात, आणि धातूंसाठीं सातव्या दिवशींहि एकदां नजर टाकणें बरें असतें. परीक्षा स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे. पण ती ज्या प्रश्नाचें उत्तर देते तो प्रश्न असा: या माणसाच्या कातडीला निकेल सोसतें काय? हाडाला सोसतें काय, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नसतो. टिटॅनियमसाठीं तर विश्वास ठेवावा असा लेपहि उपलब्ध नाहीं. रक्तांतील पांढऱ्या पेशींची एक परीक्षा मोजक्या प्रयोगशाळांतून करतात; ती महाग आहे आणि तिच्या उत्तराचा अर्थ कसा लावावा याबद्दल जाणत्यांतहि एकमत नाहीं.

कातडीचें वावडें हाडापर्यंत पोंचतें काय, या प्रश्नावर वैद्यांनीं बरीच वर्षें डोकें खपविलें आहे. फुसेरो व लोजिए या फ्रेंच वैद्यांनीं १९६६ सालीं शरीरांत बसविलेल्या धातूमुळें उठलेल्या इसबाची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून अशा तुरळक हकीकती येत राहिल्या. अमेरिकेंत २००१ सालीं निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्र विचार करून जो निबंध प्रसिद्ध झाला त्यांतील आंकडे फार बोलके आहेत. सामान्य लोकांत धातूचें वावडें शेंकडा दहांना. ज्यांचा कृत्रिम सांधा चांगला चालतो अशांत पंचवीसांना. आणि ज्यांचा सांधा बिघडला अशांत साठांना! हे आंकडे वाचून कोणीहि म्हणेल कीं वावड्यानेंच सांधे बिघडतात. पण थोडें थांबावें. सांधा सैल झाला, घासूं लागला, त्यांतून धातूचे कण सुटले, आणि त्या कणांनींच पांढऱ्या पेशींना धातूची ओळख पटविली, असेंहि झालें असेल. म्हणजे वावडें हें बिघाडाचें कारण नसून बिघाडाचें फळ ठरेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे त्यांतील पहिली कोणती हें आंकडा सांगत नाहीं. डेन्मार्कांत ज्यांच्या पाठीवरील परीक्षांची नोंद आधींपासून होती अशा माणसांची खुब्याच्या शस्त्रक्रियांच्या नोंदींशीं गांठ घालून पाहिली गेली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत वावडें असलेल्यांचे खुबे अधिक बिघडतात असें दिसलें नाहीं. निकेलची परीक्षा 'होय' आली तरी अशा माणसांपैकीं बहुतेकांच्या अंगांत पोलाद किंवा कोबाल्ट-क्रोमियम वर्षानुवर्षें मुकाट नांदतें.

येथें एक गोष्ट निराळी काढून ठेवली पाहिजे, कारण ती पुष्कळदां वावड्याच्या खात्यावर मांडली जाते. इंग्लंडांतील जॉन चार्नली यानें १९६२ सालीं खुब्याचा जो सांधा रूढ केला त्यांत पोलादाचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटींत फिरे. पुढें प्लॅस्टिकची झीज टाळण्यासाठीं गोळा आणि वाटी दोन्ही धातूंचीं करण्याची टूम निघाली. कागदावर ती उत्तम होती. प्रत्यक्षांत कांहीं रचनांमध्यें दोन धातु एकमेकांवर रगडून अतिसूक्ष्म कोबाल्ट आणि क्रोमियम मांसांत सांचूं लागलें, भोंवतालचें मांस मरूं लागलें, रक्तांत कोबाल्ट वाढलें. एका परदेशी कंपनीनें असा एक खुबा २०१० सालच्या ऑगस्टमध्यें जगभरांतून परत मागविला. तोंवर तो सुमारें त्र्याण्णव हजार माणसांत बसला होता आणि त्यांतील सुमारें चार हजार सातशें भारतांतील होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें या प्रकरणीं २०११ सालीं मुंबईंत पोलिसांकडे फिर्याद दिली. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिति २०१७ सालीं नेमली गेली, आणि तिनें प्रत्येक बाधिताला निदान वीस लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. त्या रोग्यांना जें झालें तें बहुतांशीं झिजलेल्या धातूचें विष होतें; ज्याला कशाचेंहि वावडें नाहीं अशा माणसालाहि तें बाधतें. या लोकांच्या तक्रारी प्रथम कोणी मनावर घेतल्या नाहींत, हें मात्र विसरूं नये.

आतां यादीच्या वरच्या कारणांकडे वळावें. त्यांत पहिलें आणि सर्वांत फसवें म्हणजे दबलेला जंतुसंसर्ग. जंतु आंत शिरले म्हणजे ताप येईल, पू वाहील, असें लोक समजतात. धातूवर बसलेले जंतु पुष्कळदां असें कांहींच करीत नाहींत. नदीच्या घाटावरील पायरीवर शेवाळ धरतें तसा ते आपल्याभोंवतीं बुळबुळीत थर धरून त्याच्याखालीं महिनेच्या महिने पडून राहतात. औषध तेथवर नीट पोंचत नाहीं. रोग्याला फक्त ठणका असतो, विश्रांतींतहि न थांबणारा. रक्ताच्या साध्या परीक्षा आणि सांध्यांतील पाणी सुईनें काढून केलेली तपासणी यांनीं हा चोर सांपडतो. त्या पाण्यांत जंतु वाढतात कीं नाहीं हें दोन आठवड्यांपर्यंत पाहावें लागतें. रोगी फार आजारी नसेल तर पाणी काढण्याआधीं जंतुनाशक गोळ्या घेऊं नयेत. जंतु अर्धमेले होऊन दडतात आणि परीक्षा खोटें उत्तर देते. वावड्याच्या समजुतीनें स्टेरॉइड सुरू केलीं तर त्याहून वाईट: सूज उतरते, रोग्याला बरें वाटतें, आणि आंत जंतूंना मोकळें रान मिळतें.

दुसरीं कारणें साधीं, सुताराला सुद्धां समजतील अशीं आहेत. हाड सांधलेलेंच नसतें. चित्रांत सांधल्यासारखें दिसतें, पण भार पडतांच कळ येते. कृत्रिम सांधा सैल झालेला असतो. असा रोगी खुर्चींतून उठून पहिलीं चार पावलें टाकतांना कळवळतो, मग कांहीं वेळ बरा चालतो. नडगी, घोटा, कोंपर आणि गळ्याजवळची हांसळी येथें कातडीखालीं मांस थोडें, म्हणून पट्टीचें किंवा स्क्रूचें डोकें बोटाला लागतें आणि तेथेंच दुखतें. कधींकधीं गुडघा बदलूनहि गुडघा दुखत राहतो, कारण दुखणें मुळांत खुब्याचें किंवा कमरेचें असतें आणि गुडघा केवळ त्याचा निरोप पोंचवीत असतो.

मज्जातंतूंचें दुखणें यापेक्षां वेगळें. कातडी कापतांना बारीक तंतु कापले जातातच. गुडघ्याच्या टांक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर चकती राहते ती त्यामुळें. एखाद्या तुटलेल्या तंतूच्या टोंकाला गांठ धरली कीं तेथें टिचकी मारतांच विजेसारखी सणक जाते, आणि लुगड्याचा स्पर्शहि सोसवत नाहीं. जर्मन शस्त्रवैद्य पाउल झूडेक यानें १९०० सालीं वर्णिलेला एक विकारहि येथें आठवावा: हात किंवा पाय सुजतो, त्याचा रंग आणि ऊब पालटते, घाम वेडावांकडा येतो, आणि दुखणें मूळ जखमेच्या मानानें भलतेंच मोठें असतें. तो लवकर ओळखून हालचाल सुरू ठेवली तर पुष्कळ सुधारतो. भिऊन अवयव बांधून ठेवला तर आंखडतो.

आणि शेवटीं असेंहि दुखणें आहे कीं ज्याच्या मुळाशीं धातु, जंतु, सैलपणा यांपैकीं कांहींच सांपडत नाहीं. तीन महिन्यांहून अधिक राहिलेल्या अशा वेदनेला वैद्यकानें आतां स्वतंत्र नांव दिलें आहे. ब्रिटनमधील दहा वेदना-चिकित्सालयांतील पांच हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी १९९८ सालीं प्रसिद्ध झाली; त्यांत पांचांपैकीं एकाहून अधिकांच्या दुखण्याचा संबंध एखाद्या शस्त्रक्रियेशीं होता. गुडघा बदललेल्यांतहि सुमारें पांचांत एक मनुष्य असा असतो कीं ज्याचें दुखणें पूर्ण जात नाहीं. पुष्कळ दिवस वेदना वाहून मज्जारज्जु आणि मेंदु यांची संवेदना तीव्र झालेली असते. बाहेरची आग विझली तरी घंटा वाजत राहते. हें ढोंग नव्हे, कल्पनाहि नव्हे. त्याला उपाय आहेत, पण ते चाकूचे नाहींत: मज्जातंतूंवरचीं औषधें, बेताबेतानें वाढविलेला व्यायाम, पुरेशी झोंप. गुडघ्याला सुधारण्यास वर्षभर लागतें, हेंहि शस्त्रक्रियेपूर्वीं कोणी तरी स्पष्ट सांगितलें पाहिजे. पुष्कळांना तें तिसऱ्या महिन्यांत शेजारच्या यशस्वी माणसाकडे पाहून कष्टानें समजतें.

मग धातूच्या वावड्याचा संशय घ्यावा तरी केव्हां? टांक्याच्या आसपास, पूर्वीं कधीं नव्हता असा इसब शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं उठला. सांध्यांत पुन्हां पुन्हां पाणी भरतें पण त्यांत जंतु सांपडत नाहींत. दागिन्यांनीं पूर्वीं पुरळ येत असे. आणि वर सांगितलेलीं कारणें एकेक करून बाजूला पडलीं, तर पाठीवरची परीक्षा करून घेणें योग्य. मोडलेल्या हाडावरची पट्टी असेल तर निर्णय सोपा असतो. हाड पुरतें भरल्यावर, बहुधा वर्ष-दीड वर्षानें, तिचें काम संपलेलें असतें. ती काढली तर फारसें अडत नाहीं, फक्त स्क्रूंचीं भोंकें भरेपर्यंत हाड जपावें लागतें. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा काढणें ही गोष्ट अशी नाहीं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षां मोठी, तिच्यांत हाड अधिक जातें, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि दुखण्याचें कारण न समजतां ती केली तर दुखणें पुष्कळदां तसेंच राहतें.

म्हणून या प्रश्नाची खरी वेळ शस्त्रक्रियेच्या आधींची. ज्या बाईला खोट्या कुड्या कधीं सोसल्या नाहींत तिनें तें न लाजतां शस्त्रवैद्याला सांगावें. आणि शस्त्रवैद्यानेंहि तें हसण्यावारी नेऊं नये. अशा वेळीं पट्टी टिटॅनियमची निवडतां येते, गुडघ्याचा भाग टिटॅनियमचा किंवा झिरकोनियमचा मिळूं शकतो. अर्थात् किंमत वाढते: भारत सरकारनें २०१७ सालच्या ऑगस्टमध्यें गुडघ्याच्या कमाल किंमती बांधून दिल्या तेव्हां कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टिटॅनियम किंवा झिरकोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये असा फरक होता. ज्यांना दागिन्यांनीं कधीं कांहीं झालें नाहीं त्यांनीं केवळ भीतीपोटीं हा जादा खर्च करण्याचें कारण नाहीं.

आणखी एक लहानशी गोष्ट. आंत बसविलेल्या वस्तूच्या खोक्यावर तिचें नांव, क्रमांक आणि पुष्कळदां धातूहि छापलेली चिठ्ठी असते. रुग्णालयांत ती कागदांवर चिकटवितात. घरीं जातांना त्या चिठ्ठीची एक प्रत मागून घ्यावी आणि ती औषधांच्या जुन्या पावत्यांत न टाकतां घराच्या दस्तऐवजाबरोबर ठेवावी. दहा वर्षांनीं दुखूं लागलें, किंवा एखादा सांधा परत मागविल्याची बातमी आली, म्हणजे नव्या वैद्याचा पहिला प्रश्न असतो, "आंत काय बसविलें आहे?" आणि बहुतेक वेळां त्याला मिळणारें उत्तर असतें, "स्टीलचें कांहीं तरी."